युद्धविरोधी गाण्यात नेत्याचं नाव घ्यावं का?

निखारा

आठ-दहा जणांचा गट आहे. दोन गिटार, एक ड्रम, बाकी नुसते गळे. युद्धाचा हुकूम देणारे सुरक्षित बसतात आणि मरायला भलतेच जातात, हा राग गाण्यातून मांडायचा आहे. गाणं आधी मोर्चात चालता चालता म्हटलं जाईल आणि नंतर मैदानात, उभ्या गर्दीसोबत. रेकॉर्डिंगचा विचार सध्या नाही.

नेत्याचं नाव थेट घ्यायचं की नाही, यावरून दोन तट पडलेत. एक बाजू म्हणते, नाव घेतलं नाही तर गाणं गुळमुळीत होतं. दुसरी म्हणते, नाव घेतलं की वर्षभरात शिळं होतं. व्हिएतनाम युद्धाच्या काळातली अमेरिकन गाणी ऐकली तर दोन्ही प्रकार सापडतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना पुरावे मिळतात आणि वाद तिथेच राहतो.

दुसरा प्रश्न ध्रुवपदाचा. चार ओळींचं आहे, लोकांना उचलता येत नाही. आणि तिसरा, ओळखीच्या चालीवर शब्द बसवावेत का?

नुसती गाण्यांची यादी नको, ती कुठेही मिळते. काय चालतं, काय फसतं आणि का, ते सांगा.

जुनी_तबकडी

दोन गाणी शेजारी ठेवून बघा, वाद बराच निवळेल.

पहिलं अमेरिकन लोकगायक पीट सीगरचं 'वेस्ट डीप इन द बिग मडी', १९६७ चं. त्यात व्हिएतनाम हा शब्द नाही, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचं नाव नाही. गोष्ट १९४२ ची, लुइझियानातल्या लष्करी सरावाची. कॅप्टन पलटणीला नदी पायी ओलांडायचा हुकूम देतो. सार्जंट म्हणतो, हे धोक्याचं आहे, मागे फिरू. कॅप्टन ऐकत नाही. पाणी गुडघ्याला, मग कमरेला, मग गळ्याला लागतं आणि हुकूम तोच: पुढे चला. कॅप्टन बुडतो, सार्जंट पलटण मागे वळवतो.

यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. कॅप्टन का चुकला, याचं कारण गाण्यातच दिलंय. त्याने ही नदी पूर्वी वरच्या अंगाला एकदा पार केली होती. पण मध्ये दुसरा प्रवाह येऊन मिळतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणजे तो नुसता दुष्ट म्हणून रंगवलेला नाही. जुन्या अनुभवाच्या भरवशावर नव्या पाण्यात माणसं उतरवणारा अधिकारी आहे तो. राग त्या हुकमावर आहे आणि हुकूम आपल्याला समोर दिसतो. दुसरी गोष्ट क्रियापदाची. गोष्ट चालू असेपर्यंत 'पुढे चला' ही आज्ञा भूतकाळात येते. शेवटी गायक वर्तमानपत्राचा उल्लेख करतो आणि तीच ओळ वर्तमानकाळात म्हणतो. एवढ्या एका बदलाने १९४२ चा कॅप्टन थेट व्हाइट हाऊसमध्ये जाऊन बसतो.

सीबीएस या टीव्ही वाहिनीला ते नेमकं कळलं. सप्टेंबर १९६७ मध्ये स्मदर्स ब्रदर्सच्या कार्यक्रमासाठी चित्रित केलेलं हे गाणं वाहिनीने प्रक्षेपणाआधी कापलं. फेब्रुवारी १९६८ मध्ये सीगर यांनी त्याच कार्यक्रमात ते पुन्हा म्हटलं आणि तेव्हा दाखवलं गेलं. ३१ मार्चला जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नाही असं जाहीर केलं. गाण्यामुळे ते झालं असं कुणी सांगू लागलं तर मानू नका. त्यामागे टेटचं आक्रमण (व्हिएतनाममधला शत्रूचा मोठा हल्ला) होतं, पक्षातलं आव्हान होतं.

आता दुसरं, 'ओहायो'. ३० एप्रिल १९७० ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कंबोडियात सैन्य घुसवत असल्याचं जाहीर केलं. ४ मे रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या जवानांनी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी ठार, नऊ जखमी. गायक नील यंगने लगेच गाणं लिहिलं, २१ मे ला ध्वनिमुद्रण झालं आणि जूनमध्ये तबकडी बाजारात होती. निक्सन यांचं नाव पहिल्याच ओळीत आहे. काही रेडिओ स्टेशनांनी ते लावायला नकार दिला.

इथे नाव शोभतं, कारण नावाला लागून घटना आहे, जागा आहे आणि मृतांचा आकडा आहे. शब्द अगदी मोजके, तेच फिरून फिरून येतात. ही बातमी आहे आणि बातमीत नाव लागतंच.

म्हणून एक चाचणी सुचवतो. मसुद्यातून नाव खोडा आणि गाणं वाचा. कुणी काय केलं, कुठला हुकूम दिला, काय लपवलं, हे तरीही कळत असेल तर नाव परत घाला, बिनधास्त. नाव खोडल्यावर नुसती विशेषणंच उरत असतील (क्रूर, निर्दयी, खुर्चीचा लोभी वगैरे), तर नाव घालूनही ते गाणं उभं राहणार नाही.

तिसरी वाटही आहे: नाव न घेता पदाला उद्देशून बोलणं. बोरिस व्हियाँचं 'ल देझेर्तर' हे १९५४ चं फ्रेंच गाणं म्हणजे, मी युद्धावर जाणार नाही, असं राष्ट्राध्यक्षांना कळवणारं पत्र. भाषा इतकी अदबीची की अंगावर काटा येतो. मूळ मसुद्याच्या शेवटी पत्र लिहिणारा सांगतो की पोलिस पाठवले तर माझ्याजवळ शस्त्र आहे आणि मला ते चालवता येतं. गायक मुलूजी यांना हे पटलं नाही. शेवट बदलला: मी निःशस्त्र असेन, त्यांनी खुशाल गोळी घालावी. मुलूजी यांनी ते ७ मे १९५४ ला म्हटलं, व्हिएतनाममधलं फ्रेंचांचं लष्करी ठाणं दिएन बिएन फू पडलं त्याच दिवशी. मवाळ केलेल्या शेवटासकट रेडिओवर त्यावर बंदी आलीच. माझ्या मते बदललेला शेवट सत्तेला जास्त अडचणीत आणतो. बंदूकधाऱ्याला गुन्हेगार ठरवणं सोपं असतं. अर्ज घेऊन समोर उभ्या राहिलेल्या माणसाचं काय करायचं?

आणि पदावरची माणसं बदलतात, पत्राचा मायना तसाच राहतो.

मंद्रसप्तक

शब्दांबद्दल वर नीट आलंय. मी फक्त गर्दीत गाण्याबद्दल लिहितो, कारण चांगले शब्द बहुतेक तिथे मरतात.

चार ओळींचं ध्रुवपद मोर्चात कुणीही उचलणार नाही. चालणाऱ्या माणसाचा श्वास पाच-सहा सेकंदांच्या पुढे टिकत नाही असं धरून चला. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत आठ मात्रा म्हणजे ४.८ सेकंद. तेवढी एक ओळ, फार तर अशा दोन. जॉन लेननचं 'गिव्ह पीस अ चान्स' घ्या: १ जून १९६९ ला मॉन्ट्रियलच्या हॉटेलच्या खोलीत रेकॉर्ड झालं आणि १५ नोव्हेंबरला वॉशिंग्टनच्या प्रचंड मोर्चात सीगर यांनी ते लोकांकडून म्हणवून घेतलं. कडव्यांत नावांची आणि शब्दांची मोठी आतषबाजी आहे. ती कुणाला पाठ नव्हती आणि त्यावाचून अडलं नाही. लोकांनी उचललं ते ध्रुवपद: एक वाक्य, दोन कॉर्ड. तुमचं चार ओळींचं ध्रुवपद कडवं करून टाका आणि त्यातली एकच ओळ ध्रुवपद म्हणून ठेवा.

सुरांचा पल्ला. ध्रुवपद पाच सुरांत बसवा, पूर्ण गाणं एका सप्तकात. मिश्र गर्दीसाठी सगळ्यात खालचा सूर मधल्या 'सी' खालच्या 'ए' च्या खाली नको आणि वरचा त्याच्या वरच्या सप्तकातल्या 'डी' च्या वर नको. पुरुष आपोआप तेच एक सप्तक खाली गातात. बहुतेक गट मुख्य गायकाच्या सोयीची पट्टी धरतात. तो चांगला गाणारा असतो, म्हणून पट्टी उंच असते आणि निम्मी गर्दी ध्रुवपदाला गप्प होते. पट्टी गटातल्या सगळ्यात कच्च्या गळ्यावरून ठरवा.

शब्दांच्या शेवटी 'आ' किंवा 'ओ' आला तर ओळ लांबवता येते. वरच्या सुरावर 'ई' आणि 'ऊ' ताणले की आवाज किरटा होतो. जोडाक्षरं मात्रेच्या आधी आटपतील अशी बसवा. 'युद्ध' हा शब्द ओळीच्या शेवटी आणि तोही लांब सुरावर ठेवला तर पकडायला स्वरच मिळत नाही. तो ओळीच्या सुरुवातीला आघाताच्या मात्रेवर ठेवा, तिथे तो दणकन वाजतो. शेवटी 'थांबवा', 'सांगा', 'बोला' अशी क्रियापदं ठेवा.

आता सगळ्यात जास्त फसणारी गोष्ट. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तुमच्यापासून ८५ मीटर मागे असलेल्या माणसाला गाणं पाव सेकंद उशिरा ऐकू येतं. १२० च्या लयीत पाव सेकंद म्हणजे अर्धी मात्रा! तो ऐकून गातो, त्याचा आवाज पुढे पोचायला आणखी पाव सेकंद जातो. म्हणजे तुमच्या कानाशी त्याचा सूर बरोबर एक मात्रा मागे. पुढचे थांबून त्याला जुळवून घेतात, लय ओढली जाते, ड्रमवाला ती सावरायला वेग वाढवतो आणि दोन मिनिटांत गाण्याचा चिखल होतो.

यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही एकत्र करावेत. ड्रम मोर्चाच्या तोंडाशी नको, गाणाऱ्यांच्या मधोमध हवा. त्यामुळे सगळ्यात लांबचं अंतर निम्मं होतं. लय ८० ते ९२ ठेवा. ८० ला मात्रा पाऊण सेकंदाची असते, म्हणून पाव सेकंदाचा उशीर तेवढा बोचत नाही. तिसरा आणि सगळ्यात खात्रीचा: सवाल-जबाब. मुख्य गाणारा ओळ म्हणतो, चार मात्रांची जागा रिकामी सोडतो, गर्दी त्या जागेत उत्तर देते. उत्तर अर्धी मात्रा उशिरा सुरू झालं तरी पुढच्या ओळीवर चढत नाही. एडविन स्टारचं 'वॉर' (१९७०) बांधणीसाठी ऐका. सवाल एका आरोळीचा, जबाबही तेवढाच, आणि तो जबाब हेच गाण्याचं सगळं म्हणणं.

पावलांना लय बांधू नका. दाट मोर्चा अडखळत चालतो, दर थोड्या वेळाने थांबतो, आणि पावलं थांबली की गाणंही बसतं.

मेगाफोनमध्ये खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. खालच्या सुरांची चाल त्यातून नुसती गुरगुर वाटते. कडवं मेगाफोनवर म्हणायचं असेल तर मधल्या सुरांत, अर्धं बोलल्यासारखं म्हणा. ओठ तीन-चार सेंटिमीटर लांब ठेवा, चिकटवले की व्यंजनं फुटतात. दोन मेगाफोन शेजारी शेजारी आणि एकमेकांकडे तोंड करून धरू नका, शिट्टी येते. गिटार बारा-पंधरा माणसांपलीकडे ऐकू जात नाही. ती गटाला सुरात ठेवण्यासाठी आहे, गर्दीसाठी नाही, हे दोन्ही गिटारवाल्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते तारा तोडेपर्यंत वाजवणार नाहीत.

शब्दाखातर

जुनी_तबकडी यांची चाचणी चांगली आहे, पण शिळं होण्याची भीतीच मला मुळात चुकीची वाटते. मोर्चाचं गाणं या आठवड्यासाठी असतं. ते पुढच्या पिढीने म्हणावं म्हणून आज बोथट करणं म्हणजे ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांनाच सोडून देणं. शिवाय नाव आणि कृती गाळून नुसती भावना ठेवली की ती कुणीही पळवतो. १९१५ मध्ये अमेरिकेत 'आय डिडन्ट रेझ माय बॉय टु बी अ सोल्जर' प्रचंड खपलं. आईचा आक्रोश, नाव कुणाचंच नाही. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, ते गाणं मागे पडलं आणि त्याच वळणाची, मुलाला आनंदाने रणात धाडणाऱ्या आयांची गाणी निघाली. आईचं प्रेम दोन्हीकडे वापरता येतं. सही केलेला आदेश दोन्हीकडे वापरता येत नाही.

खरी काळजी घ्यायची ती ध्रुवपद उलटं ऐकलं जाण्याची. स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न इन द यूएसए' व्हिएतनामहून परतलेल्या माणसाच्या कोंडीचं आहे, पण कडवी कुणाच्या कानावर पडत नाहीत आणि ध्रुवपद झेंड्यासारखं वाजतं. १९८४ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतल्या सभेत स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेचा गौरव केला होता. 'फॉर्च्युनेट सन' (१९६९) हे तर सरळसरळ सवलतीत वाढलेल्या आणि भरतीतून सुटलेल्या पोरांवर आहे. तरीही २०२० मध्ये ते ट्रम्प यांच्या सभांत वाजलं आणि ते लिहिणारे जॉन फॉगर्टी यांना ते थांबवण्याची नोटीस पाठवावी लागली.

म्हणून ध्रुवपद एकटं काढून, कडव्यांशिवाय, विषय माहीत नसलेल्या माणसाला ऐकवा. ज्यांच्याविरुद्ध गाणं आहे ते त्याच ओळीवर हात उंचावून नाचू शकतील का? शकत असतील तर ओळ बदला. कडव्यात कितीही स्पष्ट लिहिलंत तरी ते वाचवणार नाही. ध्रुवपदात नकार हवा किंवा प्रश्न हवा. 'आमचा देश', 'आमची माती' असली अभिमानाची नामं ध्रुवपदात नकोत, ती कडव्यात ठेवा.

आणि एक कळकळीने सांगतो: सैनिकाला दोषी ठरवू नका. बफी सेंट-मेरीचं 'युनिव्हर्सल सोल्जर' जबाबदारी लढणाऱ्यावर टाकतं. विचार म्हणून ते प्रामाणिक आहे आणि मी ते मानतो. पण तुमचा राग हुकूम देणाऱ्यांवर आहे, मग गाणं खाली का वळवायचं? व्हिएतनामच्या काळात लष्करी छावण्यांच्या गावांत युद्धविरोधी कॉफीहाऊस चालत होती; साउथ कॅरोलायनातलं 'यूएफओ' आणि टेक्ससमधलं 'ओलिओ स्ट्रट' ही त्यांतली. तिथे येणारे गणवेशातले होते. मोर्चाच्या कडेला उभ्या असलेल्या सैनिकाच्या बहिणीला गाणं म्हणता आलं पाहिजे. प्रत्येक कडवं त्या दृष्टीने एकदा वाचा. 'मारेकरी', 'भाडोत्री' असे शब्द निघालेच पाहिजेत.

चौथी_तार

ओळखीच्या चालीबद्दल. पद्धत जुनी आणि सिद्ध आहे: अमेरिकेत आयडब्ल्यूडब्ल्यू या कामगार संघटनेने १९०९ पासून छोटी लाल गाणीपुस्तकं काढली, त्यात भजनांच्या चालींवर नवे शब्द होते. चाल सगळ्यांना येते, शब्द कागदावर, तालमीची गरज नाही.

पण चालीचा मालक तपासा. 'फिक्सिन-टू-डाय रॅग' हे १९६५ चं युद्धविरोधी गाणं वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवामुळे जगभर गेलं. त्याची चाल 'मस्क्रॅट रॅम्बल' या १९२० च्या दशकातल्या जॅझ रचनेवरून घेतल्याचा दावा त्या रचनेच्या संगीतकार किड ओरीच्या मुलीने २००१ मध्ये कोर्टात लावला. दावा फेटाळला, पण तो फार उशिरा आणला या कारणाने. म्हणजे कोर्टकचेरी झालीच. रस्त्यावर म्हणाल तोवर कुणी विचारत नाही. चित्रफीत ऑनलाइन चढवली की यंत्रच ओळखतं आणि आवाज बंद करतं. चित्रपटातल्या चाली म्हणूनच टाळा. 'पारंपरिक' असं लिहिलेल्या चालीचीही कधी कधी विशिष्ट मांडणी कुणाच्या तरी मालकीची असते. जुन्या, छापील, स्वरलिपीसह असलेल्या रूपावरून घेतलीत तर सुरक्षित.

दुसरा धोका, ओळखीची चाल आपले मूळ शब्द सोबत आणते. मूळ गाणं विनोदी असेल तर लोक हसतील, आणि तुमच्या कडव्यात मृतांचे आकडे असतील.

निखारा

खूप उपयोग झाला. नाव खोडून बघितलं, दुसऱ्या कडव्यात खरंच विशेषणंच उरली. ते पुन्हा लिहितोय, मृतांचा आकडा उशिरा जाहीर केल्याच्या मुद्द्यावर. ध्रुवपद आता एका ओळीचा प्रश्न आहे, आठ मात्रांचा.

एक राहिलं. कडवी लोकांना पाठ नसणार आणि चालताना कागद वाचता येत नाही. मग ती फक्त गटानेच म्हणायची का?

मंद्रसप्तक

मोर्चात हो, कडवी गटाची आणि ध्रुवपद सगळ्यांचं. मैदानात मात्र ओळ आधी पुरवा. सीगर हे सतत करायचे: चालू ओळीच्या शेवटच्या दोन मात्रांत पुढची ओळ भराभर, बिनसुराची, बोलून टाकायची आणि मग सगळ्यांनी ती गायची. यासाठी ओळीच्या शेवटी दोन मात्रा मोकळ्या हव्यात, म्हणजे आठातल्या सहा मात्रांतच शब्द संपले पाहिजेत. आठही भरलेल्या असतील तर पुरवणारा धापा टाकतो आणि निम्मे शब्द गिळतो.

ओळ पुरवणारा आणि मुख्य गाणारा वेगळे ठेवा. पुरवणाऱ्याचा गळा सुरेल नसला तरी चालेल, व्यंजनं ठणठणीत हवीत. तालमीत दोघांना एकमेकांकडे पाठ करून उभं करा. नजरेच्या खुणेशिवाय जमलं तर मैदानात जमतं. मृतांचा आकडा असलेली ओळ मात्र पुरवू नका. ती गटातल्या एकाने एकट्याने म्हणावी, ड्रम थांबवून, आणि पुढच्या आठ मात्रा मोकळ्या सोडून मगच ध्रुवपदावर या. ड्रमवाल्याने त्या आठ मात्रा मनात मोजायच्या आहेत, काठी आपटून नाही. ही एवढी जागा वीस-पंचवीस वेळा घोटवा, कारण घाईत सहाव्या मात्रेलाच कुणीतरी सुरू करतं.